अकरा भांड्यांचा दम

कार्तिक वद्य ५, शके १८६६. सकाळ.

उजाडेतोवर चूल सारवून झालेली असायची, गोठ्यातलं शेण काढून झालेलं, दूध तापायला ठेवलेलं. मी रात्रीची खरकटी भांडी घेऊन मोरीच्या दगडावर बसायची, राखेत हात घालायची, आणि भिंतीपलीकडं यांचं सुरू व्हायचं. हुतूतूतूतूतू. तवा, दोन पातेली, परात, तीन ताटल्या, दोन वाट्या, कळशी. शेवटी तांब्या हातात घेतला की यांचा दम संपायचा. एक दम म्हणजे अकरा भांडी. रोज. दहा नाही, बारा नाही.

आज भांडी घासताना हे आठवलं. भिंतीपलीकडं कोणी नव्हतं, म्हणून ही वही काढली.

वही यांचीच. कोणत्या जत्रेत कोणाला हरवलं ते लिहून ठेवायचे. त्यांच्या हातची शेवटची ओळ अशी आहे: ‘उद्या रेघ नव्याने आखणे.’ त्या रात्री ताप आला. अकरा भांड्यांचा दम असलेल्या माणसाला शेवटच्या आठवड्यात माझं नावही एका श्वासात पुरं म्हणता येईना. शिव म्हणायचे आणि थांबायचे. दोन वर्षं झाली.

पुढची पानं कोरी आहेत. लढाईमुळं कागद मिळत नाही, वाया का घालवा?

मला लिहायला कोणी शिकवलं नाही. वाण्याकडच्या पुड्या सोडवायच्या, त्यावरच्या सोलापूरच्या पेपरातलं एकेक अक्षर लावायचं, असं शिकले. म्हणून मला जगातली प्रत्येक बातमी पुडी फाटली तिथपर्यंतच माहीत आहे. शेजारची लक्ष्मम्मा म्हणते, शिवगंगा, तुझं ग्यान पावशेर मिरचीएवढं. शेजारीण आहे, म्हणणारच.

आता कामाचं. अणदूरची हुतूतूची टीम यांनी उभी केली. यांच्या मागं मी चालवते. गाव हसतं. पटांगण आमचं, शेंगदाण्याचे लाडू माझे, मग टीम काय तहसीलदाराची? सामने मात्र मी कधी जवळून पाहिले नाहीत. बायकांनी पटांगणावर जायची रीत नव्हती. पण चौदा वर्षं भिंतीआडून ऐकलं आहे. ऐकून जेवढं कळतं तेवढं बघणाऱ्यांना कळत नाही, असं माझं मत आहे.

यंदा टीमला खिंडार पडलं. महेबूबला सोलापूरच्या एका मिलनं नेलं. मिलला कामगार नको होता, खेळाडू पाहिजे होता. नाव मागावर, माणूस मैदानावर, आणि वर पगार. बसप्पा नळदुर्गला घरजावई झाला, म्हणजे आता नळदुर्गाकडून खेळणार. तिसरा पोलिसात गेला. सातातले तीन गेले आणि नेमके चढाईचे गेले. उरलेले चौघे पकडणारे. समोरून कोणी आला तर धरतील. पण आपण होऊन पलीकडं जाईल असा एक नाही.

निश्चय: रोज लिहायचं. रडायचं नाही. पौष पौर्णिमेला नळदुर्गच्या जत्रेत नळदुर्गाला हरवायचं.

मार्गशीर्ष शुद्ध १, गुरुवार.

अकरा दिवस लिहिलं नाही. हाताला कडब्याचं कुसळ गेलं होतं. डाव्या हाताला. तरी.

काल पंचाक्षरी भावजी आले होते. यांचे धाकटे भाऊ. ओसरीवर बसले, पाणी प्यायले, पटका काढून गुडघ्यावर ठेवला. पटका काढला की भावजींना जमिनीबद्दल बोलायचं असतं. म्हणाले, वैनी, अर्धा एकर काळं रान नुसतं पायानं तुडवाया ठिवायचं व्हय? अण्णा व्हता तवर कोन काय बोललं न्हाय. आता दोन वर्स नळदुर्गाकडनं मार खाल्लाय. सरकारची धान्याची लेव्ही मानगुटीवर हाय. त्यात ज्वारी पेरली तर लेकरं तरी खातील.

लेकरं त्यांची. मला नाहीत. ते असं टोचून म्हणाले नाहीत, पण मला टोचलं. मी उठले, देवापुढची भंडाऱ्याची वाटी आणली, तीत हात ठेवला आणि म्हणाले, यंदा नळदुर्गाकडून हरलो तर दुसऱ्याच दिवशी नांगर घाला. भावजी घाबरले. वैनी, म्या तसं म्हन्लो न्हाय. मी म्हणाले, मी म्हणाले ना.

ते गेल्यावर वाटलं, ‘पुढच्या वर्षी हरलो तर’ असं म्हणायला काय हरकत होती? राग आला की माझी जीभ परवानगी न घेता चढाईला जाते.

पण आता उलट बरं वाटतं आहे. पटांगण राहील. आपण जिंकणारच आहोत. फक्त तीन माणसं पाहिजेत.

मार्गशीर्ष शुद्ध ४.

लक्ष्मम्माचे दोन्ही मुलगे घेतले. दोघे जुळे, दोघे धिप्पाड. लक्ष्मम्मा म्हणाली, ने बाई, जेवायला तुझ्याकडंच घाल. सात लेकरं झाली तुला एकदम, बाळंतपणाचा तरास न्हाय. मी हसले. मग घरी येऊन थोडा वेळ जात्यापाशी बसले.

दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद आहे. बैलाच्या घुंगरांवरून. खेळात बोलायची काय गरज?

मार्गशीर्ष शुद्ध ६, चंपाषष्ठी.

सापडला!

देवळात भरताची वांगी चिरायला आम्ही बायका मंडपामागं बसलो होतो. पलीकडं सनई चालू होती. मी एक वांगं घेतलं, सूर चालू. दुसरं घेतलं, सूर चालू. नेहमीच्या सवयीनं मोजायला लागले. तेवीस वांगी झाली आणि सूर तुटला नाही! म्हाळसाबाई म्हणाली, अगं बोट कापलं तुझं. कापलं होतं. वांग्यात रक्त लागलं म्हणून ते वेगळं काढावं लागलं.

सनईवाला आपल्याच गावचा, कोंडीराम. तिशीचा, सडपातळ, पायानं चपळ. आजवर कोणाच्या डोक्यात आलं नाही! हुतूतूला काय लागतं? दम. दम कोणाकडं असतो? जो तोंडानं पोट भरतो त्याच्याकडं. सोलापूरच्या मिलवाल्यांनाही हे सुचलं नसेल. मी पुड्या वाचते म्हणून हसतात, पण विचार करायला पूर्ण पेपर लागत नाही.

कोंडीरामाला निरोप पाठवला आहे.

मार्गशीर्ष शुद्ध ८. दुपार.

आज सकाळी परीक्षा घेतली. मी मोरीवर, कोंडीराम भिंतीपलीकडं. म्हणाला, अक्का, म्या कवा खेळलो न्हाय. म्हटलं, नुसतं हुतूतू म्हण, थांबू नको.

अकरा भांडी झाली. हा चालूच. घागर घेतली, झाऱ्या घेतला. घरातली खरकटी भांडी संपली. फडताळातली घासलेली काढली आणि परत घासली. सव्वीस! शेवटी मीच ओरडले, बास रे बाबा, हंडा उचलत नाही मला.

यांच्यापेक्षा पंधरा भांडी जास्त. हे लिहिताना जरा अपराधी वाटलं. हे असते तर म्हणाले असते, घे त्याला. म्हणाले असतेच.

लक्ष्मम्मानं भिंतीवरून डोकावून विचारलं, शिवगंगा, एका दमात सव्वीस? का राखेला नुसता हात दाखवतीस?  जिच्या घरी दोन सुना भांडी घासतात तिनं यात बोलू नये.

मार्गशीर्ष वद्य २.

टीम पुरी झाली. आता थंड डोक्यानं लिहायचं की यंदा आपलं कसं काय.

जैनोद्दीन: कॅप्टन. मांड्या खांबासारख्या. पायाला मिठी घातली की गडी जागचा हलत नाही. दोष एकच, बोलायला लाजतो. पंचानं चुकून बाद दिलं तरी मान खाली घालून बाहेर जातो. यावर उपाय: मी त्याला बोलायला शिकवीन.

जुने तिघे: ठीक. तिघांची वयं मिळून सव्वाशे भरतात. अनुभव म्हणायचा.

जुळे: ताकद भरपूर. काल दोघांनी मिळून एकाला धरलं, तो आपलाच होता.

कोंडीराम: यावर वेगळं पान लागेल.

एकूण माझा अंदाज: नळदुर्गाकडं बसप्पा आहे. बसप्पाला आपल्या टीमच्या सगळ्या खोडी माहीत. पण ती जुन्या टीमची. नवी टीम मलाच अजून नीट कळली नाही, त्याला काय कळणार? म्हणजे हाही आपलाच फायदा.

तालीम खाजामियाँ घेतात. हे आणि ते वीस वर्षं एका टीममध्ये खेळले. आज ते दारात उभे राहून म्हणाले, भाबी, बुरा मत मानो, पन मैदानावर मधली लकीर दिसंना. पोरांना कळंना कुठून आपलं न् कुठून परायं. नवी मारू का? मी म्हणाले, दिसते की. नीट बघा. ती यांच्या हातची आहे. खाजामियाँनी माझ्याकडं बघितलं, मग पटांगणाकडं बघितलं. म्हणाले, हां हां, दिसती.

बघा. नीट पाहिलं की दिसते.

मार्गशीर्ष वद्य ५.

कोंडीरामाला गुपित विचारलं. म्हणाला, अक्का, गुपित कसलं. सात वर्साचा असताना बापानं पान्याच्या तांब्यापुढं बसवलं. बोरूची नळी तोंडात, टोक पान्यात. फुंकायचं. बुडबुडा थांबला की पाठीत रट्टा. गालात वारा साठवून धरायचा, आन् मग...

पुढचं ऐकलं नाही, भाकरी करपत होती. पण मुख्य ते कळलं.

निश्चय: उद्यापासून सातही जण नळी घेऊन बसतील.

मार्गशीर्ष वद्य १०.

माझ्या परसात सात तांबे, सात नळ्या. पहिल्या दिवशी जैनोद्दीनला ठसका लागला. जुळ्यांपैकी एकानं दुसऱ्याच्या तोंडावर पाणी उडवलं. तिघा म्हाताऱ्यांनी पाणी पिऊन टाकलं. आज मात्र मी भिंतीआड बसून ऐकलं. बुडबुडबुडबुड. सात बुडबुडे, एकही थांबत नाही! पाच दिवसांत! तेरा तेरा, चौदा चौदा भांडी होत आहेत.

जैनोद्दीन मधेच नळी काढून काहीतरी विचारत होता. अक्का, ह्ये नाकाचं... मी म्हणाले, बोलू नकोस, बुडबुडा तुटेल. लाजतो म्हणून ज्याला बोलतं करायचं, त्यालाच मी गप्प केलं. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. उद्या विचारीन.

लक्ष्मम्माची तक्रार: तिचे मुलगे जेवतानाही गाल फुगवून बसतात.

मार्गशीर्ष वद्य १२.

विचारायचं राहिलं. तुरीच्या शेंगा सोलायच्या होत्या.

पौष शुद्ध ३.

आपला देव दरवर्षीसारखा जत्रेपुरता नळदुर्गाला जाऊन राहिला आहे. देऊळ ओकं वाटतं. आपली टीमही तिकडंच जायची आहे, त्यामुळं वाईट वाटून घेण्याचं कारण नाही.

खाजामियाँ आज परत आले. म्हणाले, भाबी, ते सनईवाल्याचा दम मला समजंना. बीस बरस खेळलो, असा दम देखा नाही. मी म्हणाले, म्हणूनच तर घेतला. ते म्हणाले, तसं नाही भाबी, काहीतरी... मी म्हणाले, तुमचा डावा कान गेला आहे, तुम्ही उजव्या बाजूनं ऐका. ते चपला घालून निघाले. नंतर मला लाज वाटली. वीस वर्षांचा सोबती, यांना खांदा दिलेला माणूस. लाडू बांधून घरी पाठवले. सायराबीनं, त्यांच्या बायकोनं, डबा परत करताना गुळाचा खडा घालून पाठवला. म्हणजे राग नाही.

तरी माझं म्हणणं बरोबर होतं. कान गेलेलाच आहे.

पौष शुद्ध ९.

बसप्पाचा निरोप आला, सासरच्या गड्याबरोबर. अक्काला नमस्कार सांगितला आहे आणि विचारलं आहे, पटांगणाचं भावजींना काय बोललात ते खरं का. म्हणजे बातमी तिथवर गेली.

मी उलट निरोप धाडला: खरं आहे. दया दाखवून खेळू नकोस. दाखवलीस तर घरात पाऊल ठेवू देणार नाही.

गडी गेल्यावर वाटलं, थोडी दाखवली असती तरी चाललं असतं.

पौष शुद्ध १३.

सगळी तयारी झाली. यांचा पटका धुऊन, घडी घालून ठेवला आहे. जिंकल्यावर जैनोद्दीनच्या डोक्याला बांधायचा. भावजींना काय म्हणायचं तेही ठरवलं: भावजी, ज्वारी बांधावर लावा. असं. फार टाकून नाही बोलायचं, माणूस चांगला आहे.

पुढचंही ठरवलं आहे. फाल्गुनात सोलापूर. तिथल्या मिलची टीम. महेबूब समोर असेल. त्याला कळेल की अणदूरनं काय शोधून काढलं. मिलवाले कोंडीरामाला मागतील. द्यायचा नाही.

माझा अंदाज: आपण बारा पॉइंटनं जिंकू. जास्त नको म्हणून बारा लिहिलं.

पौष शुद्ध १५, शुक्रवार. पहाट.

मुलं निघाली. निघताना मी आत थांबले. शुभ कामाला जाणाऱ्यांपुढं विधवेनं येऊ नये म्हणतात. मी टीम चालवू शकते पण तिच्यासमोर उभी राहू शकत नाही, ही गंमत. तेवढ्यात जैनोद्दीन स्वयंपाकघराच्या दारात आला. म्हणाला, अक्का, तुमी म्होरं आल्याबिगर आमी बैल जुपत न्हाय. एवढं मोठं वाक्य तो प्रथमच बोलला. गेले बाहेर. लक्ष्मम्मानं तोंड वळवलं नाही.

मी भावजींच्या गाडीतून जाणार आहे. जन्मात प्रथमच सामना जवळून बघणार. वही नेत नाही. जिंकल्याचं घरी येऊन लिहीन, सावकाश, मोठ्या अक्षरात.

पौष वद्य ३.

तीन दिवस लिहिलं नाही. हाताला काही झालं नव्हतं.

लिहायचं तर सगळं लिहावं.

बायकांना बसायला पटांगणाच्या कडेला दगडी ओटा होता, रेघेपासून दहा हातांवर. रेघ चुन्याची, पांढरी, ठसठशीत. आमच्या मुलांनी तिच्याकडं नवीन माणसाकडं बघावं तसं बघितलं. पंच म्हणून नळदुर्गातले एक म्हातारे मास्तर होते.

पहिली चढाई कोंडीरामाची. हुतूतू करत गेला, एकाला पाय लावला, एकाला हात. दोन गडी बाद. परत यायची घाई नाही. वरातीत चालतो तसा निवांत आला. आमच्या गाड्यांकडून आरोळी उठली. भावजीही ओरडले. मी भावजींकडं बघितलं नाही, पण ‘ज्वारी बांधावर लावा’ हे वाक्य ओठावर आलं होतं.

दुसऱ्या चढाईला मास्तर त्याच्या बरोबरीनं चालू लागले. चालता चालता त्यांनी हाताची पालथी बाजू कोंडीरामाच्या नाकाखाली धरली. आणि शिट्टी. बाद! श्वास घेतला.

कोंडीराम खरोखरच चकित झाला होता. म्हणाला, मास्तर, श्वास तर घ्यायचाच की. गालातला वारा सोडायचा आन् तवर नाकानं वडायचा. न्हायतर माणूस जगंल कसा?

सगळी जत्रा हसली. मी दहा हातांवर होते. त्याच्या नाकपुड्या मला दिसत होत्या. सुरू होताना फुगायच्या, मग हलक्या हलायच्या, बैलाच्या नाकाला माशी बसल्यासारख्या. हे मी एवढे दिवस बघितलंच नव्हतं. भिंतीला नाक नसतं. आणि भाकरी करपत होती म्हणून जे ऐकायचं राहिलं ते एवढंच होतं.

तरी मला वाटलं, एक गेला, सहा आहेत. एवढी आशा मला कुठून येते कोण जाणे. मग जैनोद्दीन चढाईला गेला. गाल फुगलेले. मास्तरांचा हात नाकाखाली. बाद. जुळ्यांतला पहिला. बाद. दुसरा. बाद. जुन्या तिघांना तर वीस वर्षं साधा सरळ दम होता, तोही मी मोडून ठेवला होता. बाकी सहाही जणांना मी पाच दिवसांत सनई शिकवली होती. गर्दीत कोणीतरी ओरडलं, अणदूरवाल्यांनो, नवरदेव कुठाय? मग सगळे ओरडायला लागले, नवरदेव कुठाय! शेवटी शेवटी मलाही हसू आलं. पदर तोंडात धरून हसत होते. शेजारची बाई समजली की रडते आहे, तिनं पाठीवरून हात फिरवला. मी फिरवू दिला.

किती पॉइंटनं हरलो ते लिहीत नाही. बारापेक्षा जास्त.

बसप्पानं दया दाखवली नाही. सामना संपल्यावर आला, पाया पडला. म्हणाला, अक्का, चूक आमची, आमी गेलो सोडून. मी म्हणाले, चूक नाकाची. तो हसला आणि लगेच डोळे पुसायला लागला. मग म्हणाला, अक्का, खरं सांगू का? त्या पटांगणावर रेघ दोन वर्सं झाली दिसतच न्हाय. आमी सगळ्यांनी आपसात ठरवलं व्हतं, अक्का दिसती म्हनतीया तर दिसती म्हनायचं. तिथं खेळून खेळून आमाला दुसरीकडं बी रेघ सापडंना झाली.

मी विचारलं, खाजामियाँलाही माहीत होतं? म्हणाला, त्यांनीच तर आमाला दटावून ठिवलं व्हतं.

खाजामियाँ लांब उभे होते. गाडीच्या चाकाकडं बघत होते.

मग मी विषय बदलायला म्हणाले, यांचा दम असा नव्हता बघ, प्रामाणिक अकरा भांड्यांचा. बसप्पाला कळलं नाही. समजावून सांगितलं.  मग म्हणाला, अक्का, अण्णांचा दम कुठवर जायचा ते आमाला कवाच कळलं न्हाय. सकाळच्याला आमी तिथंच बसलेलो असायचो. अण्णा भिंतीकडं कान करून हुतूतू करायचे. तुमचा तांब्या वाजला की थांबायचे. म्हनायचे, चला, तुमच्या अक्काचं उरकलं, दूध तापलं असंल.

 त्याला बोलायचं होतं ते इथं लिहिते. एका दमात अकरा भांडी घासून होत नाहीत. कोणत्याही बाईला विचारा. एकटा तवाच दोन दम खातो. मी नुसता राखेचा हात फिरवायची आणि पुढचं घ्यायची, यांचा दम संपायच्या आत तांब्यापर्यंत पोचावं म्हणून. यांचा आकडा मोठा व्हावा म्हणून. हे शेतावर गेल्यावर भांडी परत घासायची. लक्ष्मम्मा बरोबर होती. मी इकडं घाई करत होते आणि हे तिकडं माझ्या तांब्यासाठी ताणत होते. चौदा वर्षं. कोणीच कोणाला सांगितलं नाही.

परतताना भावजी गाडी हाकत होते. वेशीपाशी आल्यावर म्हणाले, वैनी, ऱ्हाऊ द्या आता. पुढल्या वर्सी बघू. पटका डोक्यावरच होता. मी म्हणाले, भंडाऱ्यावर हात ठेवला आहे, भावजी. उद्या बैल आणा. ज्वारी चांगली येईल तिथं, सोळा वर्षं जमिनीला विश्रांती आहे. ते म्हणाले, इश्रांती कुठली, सात सात जन नाचत व्हते. दोघंही हसलो.

यांच्या पटक्याची घडी मोडली नाही. आहे तशी पेटीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी भांडी घासली, सगळी, नीट. मग बैल यायच्या आत पाटीभर राख घेऊन पटांगणावर गेले आणि मधली रेघ नव्यानं आखली.